झीलकऱ्याची सकाळ

चहा गाळून झाला. कप टेबलावर आले, टोस्टचा डबा आला, काळ्या कव्हरचं बायबल आलं. फुलाबाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, डोळे मिटले, आणि समोर बसलेल्या मोतीराम पगारेंनी घसा साफ केला.

“हे प्रभू,” मोतीराम म्हणाले.

पुढचं काही येईना. खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. नाशिकची थंडी, गाडी नुसती खोकत होती, सुरू काही होत नव्हती. मोतीरामांना त्या गाडीची फार कणव आली.

“हे प्रभू,” त्यांनी पुन्हा घसा साफ केला, “हे प्रभू... आमेन.”

फुलाबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडं पाहिलं. आणखी काही येतंय का, याची जरा वाट बघितली. मग कपाकडं बघत म्हणाल्या, “बरं.”

आता त्यांच्याकडं हा एकच शब्द उरला होता. पावसाळा सरता सरता एका दुपारी मेथी निवडताना त्या खुर्चीतून कलल्या. हॉस्पिटलातून परत आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत होता आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं, डोळे तेच होते. पण तोंड उघडलं की दर वेळी तेवढंच बाहेर पडायचं. भूक लागली, बरं. भाजीत मीठ कमी, बरं. सुनेनं नवी साडी दाखवली, बरं. मुलानं जुनी गाडी विकायचं काढलं, तरी बरंच. घरातली माणसं सुरावरून अर्थ लावायला शिकली होती. आणि सकाळच्या या ‘बरं’चा सूर मोतीरामांना नेमका ओळखू यायचा. उधळ्या मुलाची वाट बघणारा बाप रोज संध्याकाळी रस्त्यापर्यंत जातो आणि एकटाच घरी परततो, त्या जागी फुलाबाई कीर्तनात हाच सूर लावायच्या.

हो, कीर्तनात. फुलाबाई म्हणजे कीर्तनकार फुलाबाई. शरणपूरपासून मनमाडपर्यंत आणि तिकडं सटाण्यापर्यंत ज्या ज्या चर्चच्या मंडळीनं बोलावलं तिथं त्या गेल्या होत्या. पांढरं पातळ, गळ्यात झेंडूचा हार, हातात झांज. त्या उभ्या राहिल्या की पाळकसाहेबांचं अख्खं उपदेशपीठ गाऊ लागल्यासारखं वाटायचं. मेंढरू हरवायचं तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या आणि सापडायचं तेव्हा मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची. पदं त्यांची त्यांनी रचलेली, बहुतेक चुलीपाशी. त्यांच्यामागं एक पेटीवाला, ढोलकीवर काळू, आणि काळूच्या शेजारी उभे मोतीराम. मोतीराम झीलकरी. बाईंनी ओळ टाकायची, यांनी तिचं शेपूट उचलून घोळवायचं, म्हणजे तेवढ्यात बाईंना श्वास घ्यायला मिळतो. झील धरायची म्हणजे एवढंच. एवढं मात्र मोतीरामांनी जन्मभर केलं, आणि झकास केलं. रेल्वेतही ते मनमाडला पॉइंट्समन होते. वरून निरोप आला की सांधा बदलायचा. कुठली गाडी कुठल्या रुळावर घालायची हे ठरवायचं काम त्यांच्यावर कधी आलं नाही, आणि ते आलं नाही याबद्दल ते देवाचे आभारच मानत असत. म्हणजे बाई मानायच्या, हे आमेन म्हणायचे.

कीर्तनाच्या सुरुवातीला बाई सगळ्या साथीदारांची ओळख करून द्यायच्या. शेवटी मागं वळून म्हणायच्या, “आणि हे आमचे हे. झीलकरी. मंडळी, घरात यांचं काही चालत नाही असं तुम्हाला वाटत असेल. तर खरंच चालत नाही!” लोक हसले की हळूच पुढचं यायचं, “पण हसू नका. मी तरी कोण? मीसुद्धा झीलकरीच. ओळ वरून येते.” मग झांजेचा एक ठोका, आणि पहिलं पद:

*उठ माझ्या जिवा, उघड हे दार,*
*उभा तो बाहेर, कधीचा रे.*

आणि मागून मोतीराम, डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून: *कधीचा रे, कधीचा रे...*

घरातली सकाळची प्रार्थनाही याच चालीवर चाललेली होती. चहा उकळला की बाई ओट्यावर चमच्यानं एक ठोका द्यायच्या. जो जिथं असेल तिथून यायचा. मुलगा अमित लहान असताना ब्रश तोंडात तसाच घेऊन यायचा. बाई शास्त्रातला एक तुकडा वाचायच्या, वाचता वाचता गुणगुणायला लागायच्या, मग प्रभूशी बोलायच्या. शेजारणीच्या गुडघ्यापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत कुणी सुटायचं नाही. मोतीराम आमेन म्हणायचे. कधी यात खंड पडला नाही. घरात आजारपणं आली, भांडणं झाली, पाहुणे आले, सकाळचा ठोका पडला.

आता तो पडत नव्हता. त्याऐवजी फुलाबाई टेबलाशी येऊन डोळे मिटून बसायच्या आणि वाट बघायच्या. कुणाची, ते सगळ्या घराला कळत होतं.

पहिले काही दिवस सून निकितानं प्रार्थना केली. निकिता दुसऱ्या मंडळीतली, तिच्याकडं प्रार्थना म्हणजे धबधबा. हात वर, डोळे घट्ट, शब्दांवर शब्द. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तिच्या गालाला हात लावला, “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा मोतीरामांकडं बघत बसल्या. निकिता शहाणी. ती सासऱ्याला म्हणाली, “पप्पा, मम्मींना माझी नकोय. तुमची हवीय.”

“मला कुठं येते गं?”

“म्हणजे? इतकी वर्षं काय केलंत?”

“आमेन,” मोतीराम म्हणाले. निकिता हसली. मोतीराम हसले नव्हते.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. पाळकसाहेबांनी छापील प्रार्थना आणून दिल्या. मोतीरामांनी त्या वाचल्या, पण सगळी हयात स्टेशनात गेलेली. वाचायला लागले की आता गाडी क्रमांक अमुक थोड्याच वेळात येत आहे, असाच सूर लागायचा. अमित हसू दाबत सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला पळायचा. निकितानं मोबाईलवर रोज पहाटे वचन येईल अशी सोय करून दिली. वचन यायचं, त्याच्याखाली गुलाबाचं फूल यायचं, आणि मोतीराम त्या फुलाकडं बघत बसायचे. विश्वास नव्हता असं नाही. विश्वास पुष्कळ होता. पण त्यांचा विश्वास जन्मभर बाईच्या मागं दोन पावलांवर उभा राहिलेला. पुढं कुणी नाही म्हटल्यावर त्याला पाऊल कुठं टाकावं ते कळत नव्हतं.

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. सुचली तेव्हा इतका आनंद झाला की त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

निकिताच्या फोनमध्ये बाईंच्या एका कीर्तनाचं रेकॉर्डिंग होतं. मोतीरामांनी ते आपल्या फोनवर घेतलं. दुसऱ्या दिवशी चहा गाळला, कप मांडले, बायबल ठेवलं, आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. फुलाबाईंनी डोळे मिटले. मोतीरामांनी बोट लावलं.

झांज वाजली. आणि स्वयंपाकघरात फुलाबाईंचा आवाज उभा राहिला. भरदार, जरासा खरखरीत, हसू पोटात ठेवून गाणारा.

*उठ माझ्या जिवा, उघड हे दार...*

काय सांगावं! मोतीरामांची मान आपोआप कलली. कित्येक महिन्यांनी समोरून ओळ आली होती. जागा आली, आणि त्यांनी झील उचलली, अशी उचलली की जुन्या दिवसांत काळूनं ढोलकी सोडून वाहवा केली असती. *कधीचा रे, कधीचा रे.* देवा, किती सोपं होतं! अस्संच रोज करायचं. बाई आहे, आपण आहोत, प्रार्थना आहे. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. त्यांनी डोळे उघडले ते बाईंना हे दाखवायलाच.

फुलाबाईंचा चेहरा पिळवटला होता. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते. पहिला शब्द लावायला जात होते आणि घसरत होते, पुन्हा जात होते, पुन्हा घसरत होते. फोनमधली फुलाबाई मजेत पुढं निघून गेली होती. दुसरं कडवं चाललं होतं.

“फुला,” मोतीराम दचकून म्हणाले.

डावा हात आला आणि फोन, साखर, टोस्टचा डबा, सगळं एका फटक्यात खाली गेलं. “बरं!” त्या ओरडल्या. “बरं! बरं! बरं!”

फोन फरशीवर पालथा पडून गातच राहिला.

त्या दिवसापासून फुलाबाई सकाळी टेबलाशी येईनाशा झाल्या. जाग यायची, पण पडून राहायच्या, भिंतीकडं तोंड करून. चहा आत नेला तर प्यायच्या. स्पीच थेरपीच्या ताईंनी चित्रं दाखवली तर चित्रांकडं बघायच्या नाहीत, ताईंकडंही नाही. हाताचा व्यायाम सुटला. अमित म्हणाला, “डॉक्टर म्हणतात, मनानं हाय खाल्ली तर आणखी मागं जातील.” घरातली प्रार्थना गेली होती, आणि तिच्या मागोमाग बाईही चालल्या होत्या. मोतीरामांना हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

ते रिक्षा करून द्वारका चौकात काळूकडं गेले.

काळूचं रिक्षांचे हूड आणि सीटकव्हर शिवायचं दुकान चौकाच्या मागच्या अंगाला. मूळ सटाण्याकडचा माणूस. नाशकात दात पडले तरी तोंडातला अहिराणी ‘शे’ पडला नव्हता.

“ये मोत्या! कसं शे बाईचं?”

मोतीरामांनी रेक्झिनच्या गुंडाळीवर बसून सगळं सांगितलं. फोनचं सांगताना ते थांबत थांबत बोलले. काळूनं मशीन बंद केलं.

“म्हंजे तू बाईला बाईचंच रेकॉर्ड लावून दाखवलं,” तो म्हणाला. “आन् वर झील धरली.”

“हो.”

“लय हुशार तू. लंगड्या माणसाला त्याच्याच लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ दाखवायचा.”

मोतीरामांनी मान खाली घातली.

“अरे, रडू नको. गिऱ्हाईक येतं.” काळूनं पोराला हाक मारावी तशी चहावाल्याला हाक मारली आणि आवाज खाली आणला. “तुला खरं सांग, काय अडतं? चार शब्द बोलायचे. देव काय तुझा साहेब शे का?”

“सुरुवात होत नाही, काळू. मी सुरुवात कधी केलीच नाही. कुणी ओळ टाकल्याशिवाय माझा गळाच उघडत नाही.”

काळू त्यांच्याकडं बघतच राहिला. मग मांडीवर थाप मारून हसायला लागला. “सटाणा विसरला?”

“सटाण्याचं काय?”

“लाइट गेली ती. जनरेटर फुसका निघाला, माइक बंद, अंधार गुडुप, पोरं कालवा करायला लागली. आन् बाई उभी पुढं, झांज हातात, तोंडात शब्द नाय. पार कोरी. मी ढोलकीवर थांबलेलो, झांजंचा ठोकाच पडंना. पदच आठवंना तिला. बाई कधी अशी अडली नव्हती.”

“मला नाही आठवत ती अडलेली.”

“तुला कसं आठवंल? तू तर गायला लागला!” काळू पुढं सरकला. “ओळ नाय, पाळ नाय, मागनं तुझं सुरू: *कधीचा रे, कधीचा रे.* निवांत. डोळे मिटून. अंधारात समदी गप झाली. तुझी झील ऐकून बाईला तिची ओळ सापडली. मग असं कीर्तन झालं त्या दिवशी की बास.”

मोतीराम गोंधळले. अंधार आठवत होता. माइक बंद पडला तेही आठवत होतं. “मला वाटलं, ती म्हणून गेली आणि माइक नाही म्हणून मला ऐकू आलं नाही. माझी जागा चुकायला नको म्हणून मी आपलं...”

“तेच तर!” काळू म्हणाला. “घरी येताना टेम्पोत बाई मला बोलली. म्हनली, काळूभाऊ, आज यांनी मला उचललं. पण त्यांना सांगू नका हां, कळलं तर पुढच्या खेपेला लाजतील आन् घोटाळा करतील.”

चहा आला. मोतीरामांनी तो हातात धरून ठेवला, पिण्याचं भान राहिलं नाही.

“तू सांगितलंस आता,” ते म्हणाले.

“हां, मग आता कर घोटाळा,” काळू म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीरामांनी चहा गाळला. दोन कप टेबलावर ठेवले, एक आत नेऊन दिला तरी. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवलं. खुर्चीत बसले. चमचा घेतला, ओट्यापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून टेबलावरच एक ठोका दिला. निकितानं डबा भरता भरता वळून पाहिलं.

आणि मोतीराम गायला लागले. ओळ नाही, काही नाही. *कधीचा रे. कधीचा रे.* त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले. मग थांबून छताकडं बघत, शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाले, “प्रभू, ती आत पडून आहे. माझ्यामुळं. आमेन.”

आतून काही आवाज आला नाही.

पुढच्या दिवशीही नाही. मोतीराम रोज बसत राहिले. झील म्हणायची आणि जे असेल ते सांगायचं, एवढा त्यांचा नेम. सुरुवातीला जे असेल ते फार थोडं असायचं. “प्रभू, गुडघा दुखतोय.” “प्रभू, अमितची बदली नको.” “प्रभू, आज काहीच सुचत नाही, बसतो नुसता.” एकदा तर निकितानं सकाळी सकाळी उलटून बोलल्याचा राग डोक्यात होता, तोही सांगून टाकला, ती समोर उभी असताना. निकिता “पप्पा!” म्हणून ओरडली, मग दोघंही हसले, मग तीच म्हणाली, “प्रभू, मलाही माफ कर, आणि पप्पांना सांग डबे जागच्या जागी ठेवायला.”

हळूहळू त्यांनी बायबल उघडायला सुरुवात केली. वाचताना स्टेशन आडवं यायचंच. म्हणून मग एकच ओळ वाचायची आणि थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. थांबलं की जुनी खोड जागी व्हायची. ओळ आली, आता झील धर! मग त्या ओळीचं शेपूट ते आपल्याच शब्दांत घोळवायचे, भाजी घेताना, जिन्यावर, पाण्याची बाटली भरताना. मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं त्या दिवशी शरणपूर रोडच्या सिग्नलवर उभे असताना ते मोठ्यानं म्हणाले, “मला काही कमी नाही, बरं का.” शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, “मजा आहे काका तुमची.”

ठोका द्यायला ते बसत ते बाईंसाठीच. आत ऐकू जावं म्हणून. पण एका सकाळी अमित फुलाबाईंना लवकरच तपासणीला घेऊन गेला, निकिता शाळेत शिकवायला गेली, आणि घरात कुणीही नसताना मोतीरामांनी सवयीनं दोन कप मांडले आणि टेबलावर ठोका दिला. दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आज ऐकायला कोण आहे? उठावंसं मात्र वाटलं नाही. झील म्हटली. म्हणता म्हणता त्या शब्दांकडंच त्यांचं लक्ष गेलं. इतकी वर्षं तोंडात घोळवलेले शब्द. कधीचा उभा आहे. दाराशी. आपण सुरुवात करता येत नाही म्हणून रडत बसलो, आणि तो तर आधीच येऊन थांबलेला. मोतीरामांना एकदम संकोच वाटला, पाहुणा ताटकळत असल्याचं उशिरा कळावं तसा. “ये ना,” ते म्हणाले. आणि तसेच बसून राहिले. चहा गार झाला. दुसऱ्या कपातलाही. कुणाची वाट न बघता प्रार्थनेला बसण्याची त्यांची ती पहिली वेळ होती.

फुलाबाई मात्र भिंतीकडंच होत्या.

फेब्रुवारी लागला. उन्हं जरा लवकर येऊ लागली. त्या दिवशी रविवार, अमित आणि निकिता मार्केटला गेलेले. मोतीरामांनी दूध गॅसवर ठेवलं आणि तापेस्तोवर म्हणून बसले. ठोका दिला, झील म्हटली, ओळ वाचली. आणि बोलायला लागले. आताशा बोलणं लांबायचं. काळूच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सोसायटीचा पाण्याचा पंप, स्पीच थेरपीच्या ताईंचं लग्न; एकेक करून सगळे प्रभूच्या कानावर घालणं चाललं होतं. डोळे मिटलेले, स्वर लागलेला.

पहिल्यांदा वास आला. मग चर्रर्र झालं.

मोतीरामांनी डोळे उघडले तर दूध पातेल्यावरून ओघळून गॅसभर पसरलेलं. ते उठणार तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. टक, आणि पाय ओढल्याचा आवाज. टक, आणि ओढ. फुलाबाई दारात आल्या, केस विस्कटलेले, चार पायांच्या काठीवर भार टाकून. त्यांनी गॅसकडं पाहिलं. नवऱ्याकडं पाहिलं. पुन्हा गॅसकडं.

“बरं?” त्या म्हणाल्या. याचा अर्थ सगळ्या जगातल्या सगळ्या नवऱ्यांना कळतो.

मोतीरामांना हसू फुटलं. इलाजच नव्हता. दूध जळत होतं, बायको दारात होती, आणि बाईंचंच दुसरं कडवं गळ्यात येऊन उभं राहिलं. त्यांनी काही ठरवलं नाही, घसा साफ केला नाही, सूरही बघितला नाही.

*म्हणे जीव, थांब, दूध उतू जाई,*
*त्याला नाही घाई, वाट पाही...*

सूर फार खाली लागला होता. फुलाबाईंनी जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि डावा हात वर केला. आणखी वर. कीर्तनात चुकल्यावर त्या मागं न बघता असाच हात करायच्या. मोतीरामांनी सूर उचलला, ओळ पुन्हा टाकली, आणि ओळ संपल्यावर ते गप्प झाले. जन्मभराची सवय ती. इथं ओळ संपते, इथं झीलकऱ्याची जागा. त्यांच्या लक्षातच आलं नाही की ओळ टाकणारे तेच होते आणि झील धरायला मागं कुणी नव्हतं.

फुलाबाईंनी काठी ओट्याला टेकवली. डाव्या हातानं गॅस बंद केला. त्यांचे ओठ हलले, घसरले, थांबले. मोतीरामांना मदत करावी, शब्द पुढं करावा, असं फार वाटलं. पण झीलकऱ्याला पुढून कुणी ढोसलं तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

“...रे,” फुलाबाई म्हणाल्या.

म्हणाल्या नव्हत्या. गायल्या होत्या. फाटका, डळमळीत, पण बरोब्बर त्या जागचा सूर. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. हात तोंडाशी गेला.

मोतीरामांनी ओळ पुन्हा टाकली. आवाज ओला झाला होता, सूर पुन्हा घसरला, फुलाबाईंनी पुन्हा ‘च्च’ केलं. आणि पुन्हा, “रे.”

मार्केटहून परतलेल्या निकिताला दारातच जळक्या दुधाचा वास आला. ती पिशव्या टाकून आत धावली. सासरे खुर्चीत, सासूबाई समोरच्या खुर्चीत, गॅसवर दुधाचा कोळसा झालेला आणि पुसायचं कुणाला सुचलेलं नाही.

“हे काय झालं?”

“उतू गेलं,” मोतीराम म्हणाले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. ‘रे’च्या अलीकडच्या ‘कधीचा’पर्यंत यायला फुलाबाईंना फार दिवस लागले, आणि बोलताना अजूनही बहुतेक ‘बरं’वरच निभावतं. काही सकाळी त्या येतात आणि नुसत्या बसतात. काही सकाळी मोतीरामांना कंटाळा येतो, तोही ते सांगून टाकतात. स्पीच थेरपीच्या ताई म्हणतात, गाणं सोडू नका, ते मेंदूत वेगळ्या बाजूला असतं. मोतीराम हो म्हणतात. त्यांना त्यातलं फारसं कळत नाही.

दूध मात्र आता फुलाबाई आधीच उतरवून ठेवतात. मग टेबलाशी येऊन डाव्या हातात चमचा धरतात आणि स्वतःच ठोका देतात, इतक्या जोरात की कपांवरच्या बश्या हलतात. मोतीराम एक ओळ वाचतात. थांबतात. मग शेजारणीच्या गुडघ्यापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत जमेल तेवढं प्रभूशी बोलतात, आणि बोलणं संपलं की गप्प बसतात, कारण आमेन म्हणायचं काम आता त्यांचं नाही.

फुलाबाई डोळे मिटूनच असतात. सगळं ऐकून झालं, कुणी राहिलं नाही, अशी खात्री पटली की मान हलवून म्हणतात,

“बरं.”